जुनी जीप दर उन्हाळ्यात तापते: रेडिएटर बदलण्याआधी एवढं तपासा

जानेवारीत गाडी मस्त चालते, काटा मधोमध. होळी उलटली की काटा थोडा वर राहायला लागतो. एप्रिलात गव्हाची पोती घेऊन पांदणीने घरी येईपर्यंत बॉनेटखालून वाफा निघतात. मिस्त्री थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतो, रेडिएटरची टोपी बदलून देतो, कधी सरळ नवा रेडिएटर टाकायला सांगतो. तेवढ्यात मृग लागतो, हवा गार होते, काटा खाली येतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पुढच्या एप्रिलात गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं.

एमएम ५४०, मेजर, कमांडर, मार्शल अशा जुन्या डिझेल गाड्या आपल्या विदर्भात अजून वावरात, जंगलाच्या रस्त्यांवर आणि बाजाराच्या दिवशी सवाऱ्या नेताना दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. इंजिन २११२ सीसीचं प्यूजो असो की २५२३ सीसीचं डीआय, पाणी फिरवायची रीत एकच आहे: पंप, थर्मोस्टॅट, वरचा पाइप, रेडिएटर, खालचा पाइप, परत पंप. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सरची भानगड नाही. पाना, टॉर्च आणि थोडा धीर असला तर बहुतेक तपासणी घरच्या अंगणात होते.

आधी हे दरसाल का होतं ते बघू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६० चा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४६ ला टेकतो तेव्हा हाच फरक ४४ उरतो. रेडिएटर तोच, फॅन तोच, पण ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, आणि वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. डांबरी रस्त्यालगतची जी हवा जीपच्या जाळीत शिरते ती त्याहूनही तापलेली. त्यामुळे हिवाळ्यात अर्धा चोंदलेला रेडिएटरही निभावून नेतो. बिघाड बाराही महिने गाडीतच बसलेला असतो, ऊन तो दाखवून देतं. म्हणून डिसेंबरात केलेल्या दुरुस्तीवर कधी शिक्का मारू नये. ती खरी ठरते मे महिन्यातल्या दुपारी.

कधी तापते, ते आधी वहीत लिहा

कोणताही भाग बदलण्याआधी चार-पाच दिवस नुसतं निरीक्षण करा आणि लिहून ठेवा. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, रिकामी की भरलेली, चढावर की सपाटीवर. राजेहो, या वहीने जेवढे पैसे वाचतात तेवढे दुसऱ्या कशाने वाचत नाहीत.

वावरात, पांदणीत, बाजारातल्या गर्दीत तापते, पण डांबरी रस्त्यावर पन्नासच्या वेगाला लागली की काटा खाली येतो, अशी खूण असेल तर गडबड हवेची आहे. वेगात वारा आपोआप जाळीतून जातो, हळू चालताना मात्र सगळी भिस्त फॅनवर. अशा वेळी फॅन, पट्टा, फॅनभोवतीचं आवरण आणि जाळीतला कचरा बघायचा. रेडिएटर बदलून इथे काहीच साधत नाही.

उलट, हळू ठीक चालते आणि साठ-सत्तरच्या वेगाला दहा-पंधरा मिनिटांत काटा चढतो, तर वारा भरपूर आहे, पाणी कमी पडतंय. नळ्या चोंदल्यात, खालचा पाइप आत ओढला जातोय किंवा पंपाची पाती झिजली आहेत.

दोन्हीकडे तापते तर साध्या गोष्टींपासून सुरू करा: पाणी कमी, टोपी ढिली, थर्मोस्टॅट अडकलेला, इंजिनात गाळ. फक्त ओझं घेऊन चढावर तापत असेल आणि मागे काळा धूर असेल तर एअर क्लीनर, डिझेल पंपाचं टायमिंग आणि ब्रेक यांच्याकडे वळा. सकाळी थंड इंजिन सुरू करून मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल, तर बाकीचं सगळं सोडून हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यातल्या पातळ सीलचा, विचार करा. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आणि एक: काटा खरं बोलतोय का? जुन्या गाडीत अर्थिंग खराब झालं की विजेवरचा काटा वाट्टेल ते दाखवतो. लाइट लावल्यावर काटा हलला तर संशय पक्का. एक इन्फ्रारेड थर्मामीटर, दुकानात बंदुकीसारखा मिळतो तो, घेऊन ठेवा. थर्मोस्टॅटच्या डब्यावर रोखला की तापमान कळतं. चकचकीत पितळेवर तो चुकीचं दाखवतो, काळ्या रंगाच्या किंवा मळलेल्या जागेवर रोखा. पुढे वायर नसलेला, नळीवर चालणारा मेकॅनिकल गेज बसवून घेतला तर फारच उत्तम. जुन्या जीपमध्ये मी पहिली सुधारणा तीच करीन.

आपलं पाणीच रेडिएटर खातं

या भागात जीप तापायचं सगळ्यात मोठं कारण मला पाणी वाटतं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, तोंडात धरवत नाही, पण रेडिएटरमध्ये मात्र बिनदिक्कत ओततात. पट्ट्याबाहेर काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणीही बहुतेक ठिकाणी जडच असतं.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरतं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत सवलत देतं. समजा तुमच्या बोअरचा आकडा १५०० आहे आणि गाडीत दहा लिटर पाणी मावतं. एका भरणीत १५ ग्रॅम क्षार गेले. त्यानंतर जे पाणी वाफ होऊन उडतं ते एकटंच उडतं, क्षार आत राहतात. तुम्ही वरून पुन्हा लिटरभर ओतता, पुन्हा दीड ग्रॅम. उन्हाळाभर हेच चाललं तर आतलं पाणी दर आठवड्याला जास्त खारट होत जातं. कुलरच्या गवतावर जो पांढरा कडक थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडरच्या भोवती बसत असतो, फरक इतकाच की तो दिसत नाही. चुन्याचा थर सगळ्यात आधी सगळ्यात गरम जागी धरतो, म्हणजे नेमकं जिथून उष्णता काढून घ्यायची तिथेच. खारपाणातल्या पाण्यात मिठाचा अंशही जास्त. तो धातू आणि डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, दोन्ही पोखरतो, म्हणून रेडिएटर वरून सतत पाझरत राहतात.

रेडिएटर खरंच चोंदलाय का, हे बघायची जुनी रीत अजून चांगली आहे. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटर उतरवा. खालचं तोंड तळहाताने बंद करून काठोकाठ पाणी भरा आणि हात एकदम काढा. पाणी भस्सकन लोंढ्यासारखं यायला हवं. बारीक धार लागून रेंगाळत उतरलं तर नळ्या बंद आहेत. गाडीवर असतानाच बघायचं असेल तर इंजिन तापवून बंद करा आणि थर्मामीटर जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा खूप थंड लागला तर तेवढ्या नळ्यांतून पाणी जात नाही.

थर पातळ असेल तर घरी निघतो. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. लिटरला साधारण ५० ग्रॅम या हिशोबाने कोमट पाण्यात विरघळवा. कुलरचा छोटा पंप टबात ठेवा, त्याची नळी रेडिएटरच्या खालच्या तोंडाला जोडा आणि वरच्या तोंडातून पाणी परत टबात येऊ द्या. नेहमीच्या उलट दिशेने पाणी फिरल्यामुळे अडकलेला कचरा सुटतो. पंपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधा, नाहीतर सुटलेला गाळ परत आत जाईल. तास-दोन तास फिरू द्या. पाणी आधी हिरवट-पिवळं, मग गढूळ होतं. त्यानंतर साध्या पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने भरपूर. पंपाचा प्लग काढल्याशिवाय टबात हात घालू नका. हा उपाय तांब्या-पितळेच्या, गाडीवरून उतरवलेल्या रेडिएटरसाठी आहे. इंजिनात हे पाणी फिरवू नका, हेड ॲल्युमिनियमचं असलं तर त्याला इजा होते.

संडास धुवायचं ॲसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी वापरू नका. ते थर काढतं, सोबत डाग आणि नळीही खातं. आज स्वच्छ दिसलेला रेडिएटर महिन्याभरात दहा जागी गळायला लागतो.

थर जाड असेल तर तालुक्याच्या रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग करून घ्या. तो वरची-खालची टाकी डाग सोडवून काढतो, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवतो आणि परत डाग देतो. हे काम स्वतः समोर उभं राहून करून घ्यावं, कारण टाकी उघडल्यावर किती नळ्या कामाच्या उरल्या आहेत ते डोळ्यांना दिसतं. नळ्या मधूनच कुजल्या असतील तर नवीन कोअर, म्हणजे नळ्या-जाळीचा मधला गाभा, टाका, टाक्या जुन्याच ठेवा. प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर स्वस्त आणि हलका असतो हे खरं, पण मेळघाटात सेमाडोहच्या पुढे गळाला तर त्याला डाग देणारा भेटत नाही. जुन्या जीपला मी पितळच पसंत करतो.

इंजिनाच्या ब्लॉकला बाजूला, खाली, एक ड्रेन कॉक किंवा बोल्ट असतो. बहुतेक गाड्यांचा तो कधी उघडलेलाच नसतो. रेडिएटर खाली केल्यावर तो उघडा. पाणी आलं नाही तर समजा आत गाळ घट्ट बसलाय. जाड तारेने टोकरा, गंजाचा लाल चिखल निघेल. पंपापासून सगळ्यात दूरच्या सिलिंडरभोवती पाण्याचा जोर कमी असतो, त्यामुळे गाळ तिथेच साचतो आणि हेड गॅस्केट पुष्कळदा तिकडूनच जातं. कॉकचं भोक मोकळं करून, थर्मोस्टॅट काढून, वरून पाइप लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, चिखलाचं आहे, आणि कोणतंही गॅरेज मनापासून करत नाही. म्हणूनच ते घरी करावं.

आता भरायचं काय? कूलंट आणि चांगलं पाणी. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं मिश्रण करायची गरज नाही. एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी आपल्या हवेला पुरतं. कूलंटमुळे गंज थांबतो, पंपाचं सील टिकतं, उकळायचं तापमान थोडं वर जातं, आणि पाण्याचं प्रमाण जास्त असल्याने उष्णता वाहून न्यायची ताकदही राहते. डब्यावर मिसळून तयार असं लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. पाणी बॅटरीचं, आरओचं किंवा पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली स्वच्छ ड्रम लावा, झाकण घट्ट ठेवा. वर्षभराच्या गरजेचं मऊ पाणी फुकटात मिळतं. गाडीत कायम पाच लिटरची एक कॅन याच पाण्याची असू द्या, म्हणजे रस्त्यात कुणाच्या हापशीवर जावं लागणार नाही.

जुनं कूलंट गोठ्याजवळ किंवा अंगणात ओतू नका. चवीला ते गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं किंवा वासरू चाटलं तर जिवावर बेततं.

फॅन आहे, पण वारा कुठून येतो?

हवेच्या बाजूला पहिलं काम झाडझुडीचं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कुटाराची धूळ, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताची कुसळं, कापसाची पुंजकी, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, सगळं जाळीत बसतं. काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. टॉर्च फॅनच्या बाजूने धरून समोरून बघा. उजेड आरपार येत नसेल तर वारा तरी कसा जाईल? धुताना पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेने मारायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन घेतला तर या कामाला फार छान. आधी भिजवा, अर्धा तास थांबा, मग धुवा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार पाण्याने जाळीची पातळ पानं वाकतात आणि वारा कायमचा अडतो. वाकलेली पानं जुन्या कंगव्याने हळूहळू सरळ करता येतात.

पट्टा अंगठ्याने मधोमध दाबून बघा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून जास्त ढिला असेल तर घसरतो. कडा चकाकत असतील, किंवा पट्टा झिजून पुलीच्या खाचेत तळाला टेकला असेल, तर कितीही ताणा, घसरणारच. नवीन टाका. फॅन कुणी उलटा तर बसवला नाही ना, तेही बघा. उलटा बसवलेला फॅनही वारा आतच ओढतो, पण फार कमी, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. इंजिन चालू असताना पेपरचं अर्धं पान समोरच्या जाळीला लावलं की ते चिकटून राहायला हवं. गळून पडलं तर वाऱ्यात दम नाही. हे करताना दुपट्टा, सैल बाही, गळ्यातली माळ फॅनपासून लांब.

आता या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कितीतरी जुन्या जीपच्या फॅनभोवतीचं आवरण, ज्याला श्राउड म्हणतात, ते गायब असतं. कधीतरी रेडिएटर काढताना अडचण झाली म्हणून बाजूला ठेवलं आणि परत लावलंच नाही. आवरण नसलं की फॅन फक्त समोरच्या गोल भागातून वारा ओढतो, आणि तोही सगळा नाही. पात्यांच्या टोकांवरून तीच गरम हवा वळसा घालून परत येते. रेडिएटरचे चारही कोपरे नुसते बसून राहतात. मग लोक नळ्यांच्या तीन ओळींच्या जागी चार ओळींचा कोअर टाकतात. ओळ वाढली की वाऱ्याला अडथळाही वाढतो, आणि आवरणाशिवाय फॅनला तो पार करता येत नाही. पैसे जातात, काटा तिथेच.

आवरण गावातला पत्र्याचं काम करणारा बनवून देतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. रेडिएटरच्या पूर्ण चौकटीला चिकटेल असा पत्र्याचा उथळ डबा, आणि मधोमध फॅनसाठी गोल भोक. पात्याचं टोक आणि पत्रा यांच्यात चहूबाजूंनी साधारण एक इंच जागा सोडा, कारण खड्ड्यात इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर हलतं. माउंटिंग फाटलेली असतील तर आधी ती बदला, नाहीतर फॅन पत्र्याला लागेल. फॅनच्या पात्यांची निम्मी रुंदी आवरणाच्या आत आणि निम्मी बाहेर यावी, हा अंदाज चांगला चालतो. आवरण आणि रेडिएटर यांच्यातल्या फटीला फोमची पट्टी लावा. पत्रा दोन तुकड्यांत करून स्क्रूने जोडला तर पुढे रेडिएटर काढताना आवरण फेकून द्यायची वेळ येत नाही. वावरात हळू चालताना तापणाऱ्या जीपला यासारखा दुसरा उपाय मी पाहिलेला नाही.

विजेचा जादा फॅन लावावा का, असं बरेच जण विचारतात. लावता येतो, पण आवरण, पट्टा आणि जाळी ठीक केल्यावर. जुन्या अल्टरनेटरची ताकद मर्यादित असते, रात्री हेडलाइट आणि फॅन दोन्ही चालले तर बॅटरी उतरते. लावायचाच तर रिले, फ्यूज आणि जाड वायर हवी, स्विचवरून थेट जोडणी नको, वायर वितळते. जाळीसमोर टांगलेले मोठाले फॉग लाइट आणि नावाच्या पाट्या मात्र आजच काढा. त्यांनी अडवलेला वारा कोणताही फॅन भरून देत नाही.

पाइप, पंप, थर्मोस्टॅट, टोपी

खालचा पाइप पंपाच्या ओढीकडे असतो. रबर मऊ पडलं आणि आतली स्प्रिंग गंजून गेली की जास्त रेसला तो चपटा होतो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत हे दिसत नाही. इंजिन गरम असताना कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि पाइपकडे बघत राहा. नवीन पाइप घेताना जुनी स्प्रिंग चांगली असेल तर तीच आत घाला.

पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब गळत असेल तर सील गेलं. ते भोक एम-सील लावून बुजवू नका, पाणी मग बेअरिंगमध्ये जातं. पंप काढला की मागची पाती बघा. खाऱ्या पाण्याने ती खाऊन निम्मी झालेली असतात, आणि बाहेरून पंप धडधाकट दिसतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती मला अजिबात पटत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची दुसरी, आखूड वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटर टाळून त्या वाटेनेच फिरत राहतं आणि गाडी जास्तच तापते. बाकीच्यांत हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, धूर होतो, डिझेल जास्त लागतं आणि सिलिंडर झिजतात. तपासायला सोपा आहे. एका गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेगडीवर ठेवा. त्यावर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२. त्याच्या आसपास उघडायला लागून आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. अडकला तर नवीन टाका. तो गंज पुन्हा स्वयंपाकाला नेऊ नका.

टोपी ही झाकण नसून व्हॉल्व्ह आहे. पाण्यावर दाब राहिला की ते उशिरा उकळतं. चौरस इंचाला ७ पौंड दाबाच्या टोपीखाली साधं पाणी सुमारे १११ अंशांना उकळतं, ०.९ बारच्या टोपीखाली ११८ च्या आसपास. रबर कडक झालेली टोपी दाब धरत नाही, मग शंभरीलाच उकळी. गाडीच्या मूळ आकड्याचीच टोपी लावा. जास्त दाबाची लावली तर जुना रेडिएटर डागातून फुटतो.

इंजिनच जास्त उष्णता करत असेल तर

तेलाच्या एअर क्लीनरमध्ये धुळीचा चिखल झाला की हवा कमी पडते, काळा धूर येतो, इंजिन तापतं. आपल्या धुळीत तो कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा बराच आधी धुवावा लागतो. दहा किलोमीटर ब्रेक न मारता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एखादा भट्टीसारखा तापलेला असेल तर ब्रेक धरतोय, आणि इंजिन तो ओढत नेतंय. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून ठेवायची सवय असेल तर सोडा, त्यानेही ओझं वाढतं. डिझेल पंपाचं टायमिंग मागे गेलं असेल किंवा डिझेल जास्त सुटत असेल तर ते काम पंपाच्या जाणकाराकडेच द्या.

पाणी परत भरताना

अर्ध्या दुरुस्त्या इथे वाया जातात. आत हवेचा बुडबुडा अडकला की काटा उगाच उड्या मारतो. गाडीचं तोंड वर राहील अशी धुऱ्यावर किंवा उतारावर चढवून उभी करा. टोपी उघडी ठेवून हळूहळू भरा, इंजिन सुरू करा, वरचा पाइप हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की टोपी लावा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

मग परीक्षा. परतवाड्याकडची मंडळी चिखलदऱ्याचा घाट चढवून बघू शकतात. सपाटीवरच्यांनी दुपारी ओझं घालून वावरातल्या मऊ रस्त्यावर लो गिअरमध्ये चालवावी. वरच्या आणि खालच्या पाइपचं तापमान थर्मामीटरने घ्या आणि तारीख व हवेच्या तापमानासकट वहीत लिहा. रेडिएटर काम करत असेल तर खालचा पाइप वरच्यापेक्षा स्पष्ट थंड लागतो. दोन्ही सारखेच गरम म्हणजे वारा उष्णता नेत नाहीये. खालचा अगदीच गार म्हणजे पाणी फिरत नाहीये.

तरीही रस्त्यात काटा चढला तर ओझं कमी करा, सावलीत वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि पाणी आत असेल तर इंजिन हलक्या रेसवर चालू ठेवा, म्हणजे फॅन आणि पंप फिरत राहतात. पाणी सगळं बाहेर पडलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. टोपीला हात लावू नका, चाळीस-पन्नास मिनिटं जाऊ द्या. त्या उकळत्या पाण्याने तोंड भाजलेले लोक गावोगाव आहेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

हेड गॅस्केट गेलं हे कसं ओळखायचं

थंड इंजिनावर टोपी उघडा, पाणी काठोकाठ भरा, फॅनचा पट्टा काढून ठेवा म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही, आणि इंजिन सुरू करा. मिनिटाच्या आत बंद करायचं, जास्त नाही. तेवढ्यात बुडबुड्यांची सलग माळ वर येत राहिली तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. ऑइलच्या काडीवर दुधाळ चिकटा, सायलेन्सरमधून सकाळी बराच वेळ पांढरी वाफ, बाहेर गळती नसताना घटणारं पाणी, या खुणा सोबत असतील तर शंका उरत नाही. अशा गाडीत गळती थांबवायची पावडर टाकू नका, ती आधी रेडिएटरच्या उरलेल्या नळ्या बुजवते.

इथे घरचं काम थांबतं. नुसतं गॅस्केट बदलून हेड परत चढवायला कुणी तयार झाला तर थांबवा. जास्त तापलेलं हेड वाकलेलं असतं, ते सपाट आहे की नाही ते मशीनवर बघावं लागतं. हेड लेथवाल्याकडे नेलं की घासण्याआधी पाण्याच्या दाबावर तपासून घ्यायला सांगा. तडा असेल तर घासण्याचे पैसे तरी वाचतात. बसवताना नट टॉर्क रेंचनेच, मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, दुसऱ्या गाडीचा नाही.